शिळ्या कढीला ऊत : एबेल ३९९ आणि एबेल ४०१ यांच्यामधला रेडिओ पूल

मार्गशीर्षात रात्री नऊच्या सुमारास कृत्तिकांचा झुबका डोक्याकडे चढत असतो. त्याच्या पश्चिमेला, जरा दक्षिणेकडे, मेष राशीचा एक ओसाड तुकडा आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे सांगण्यासारखं काही दिसत नाही. जॉर्ज एबेल यांनी १९५८ साली दीर्घिकासमूहांची जी यादी छापली, तिच्यातले दोन समूह मात्र याच तुकड्यात आहेत, क्रमांक ३९९ आणि ४०१. दोन्ही आपल्यापासून सुमारे १०० कोटी प्रकाशवर्षं दूर. आकाशात दोघांमधलं अंतर पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षा थोडं जास्त, आणि त्याचं आडवं माप काढलं तर ३ मेगापार्सेक, म्हणजे जवळपास १ कोटी प्रकाशवर्षं. ‘आडवं’ या शब्दावर बोट ठेवून पुढे चला, तो नंतर लागणार आहे.

जून २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात फेडेरिका गोव्होनी आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. गोव्होनी इटलीतल्या सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी वेधशाळेत काम करतात. लोफार ही नेदरलँड्समधली दुर्बीण वापरून, १४० मेगाहर्ट्झवर, त्यांना या दोन समूहांच्या मधल्या जागेत रेडिओ लहरींचा एक मंद उजेड सापडला. तो एका समूहापासून दुसऱ्यापर्यंत सलग होता. निबंधात त्याला डोंगराच्या धारेसाठी असतो तो शब्द वापरला होता. पुढे सगळे त्याला पूल म्हणू लागले, आणि इथेही तेच म्हणू.

या उजेडाचं एवढं कौतुक का, तर तो पडायला दोन गोष्टी एकाच जागी लागतात. जवळपास प्रकाशाच्या वेगानं पळणारे इलेक्ट्रॉन, आणि त्यांना वळवणारं चुंबकीय क्षेत्र. क्षेत्रात इलेक्ट्रॉन वळला की तो ऊर्जा सांडतो, आणि ती रेडिओ लहरींच्या रूपानं बाहेर पडते. याला सिंक्रोट्रॉन प्रारण म्हणतात. दीर्घिकासमूहांच्या पोटात हे घडतं ते फार आधीपासून माहीत होतं. केश संभारातल्या (कोमा तारकासमूहातल्या) प्रसिद्ध दीर्घिकासमूहाचं रेडिओ तेजोवलय १९५९ सालीच जोड्रेल बँकच्या दुर्बिणीला सापडलं होतं. समूहाच्या बाहेर, दोघांच्या मधल्या पोकळीत, इतक्या मोठ्या लांबीवर ते घडत असेल, तर तिथेही चुंबकीय क्षेत्र आहे आणि तिथेही कुणीतरी इलेक्ट्रॉन पळते ठेवत आहे. त्यातला दुसरा भाग सगळ्यात अडचणीचा निघाला.

आधी काय माहीत होतं ते थोडक्यात. दोन्ही समूह गरम वायूनं भरलेले आहेत आणि क्ष-किरणांत चांगले उजळ दिसतात. मधेही वायू असावा असा संशय क्ष-किरणांवरून १९९०च्या दशकातच आला होता. प्लांक उपग्रहानं तो पक्का केला. विश्वाच्या बालपणापासून सगळीकडे भरून राहिलेलं सूक्ष्मलहरींचं प्रारण गरम वायूतून जाताना किंचित बदलतं. २०१३ साली प्लांकच्या गटानं हा बदल या दोन समूहांच्या मधल्या जागेत मोजला. तापमान निघालं सुमारे ८ कोटी केल्विन. घनता मात्र दर घनमीटरला साधारण ३७० इलेक्ट्रॉन. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली घेतली तर तिच्यात दहा हजारांच्या आसपास इलेक्ट्रॉन भरतील, बस. याला वायू म्हणायला जीभ रेटत नाही, पण एवढ्या मोठ्या जागेत त्याचं वजन भरपूर होतं.

२०१० साली अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीनं १.४ गिगाहर्ट्झवर पाहिलं तेव्हा दोन्ही समूहांना स्वतंत्र रेडिओ तेजोवलयं आहेत हे कळलं. ४०१चं आधीच ठाऊक होतं, ३९९चं नवं होतं. शेजारीशेजारी असलेल्या दोन समूहांना दोन तेजोवलयं, हे तोवर कुठे दिसलं नव्हतं. पूल मात्र त्या चित्रात नव्हता. का नव्हता, ते आता आकड्यानिशी सांगता येतं, आणि ते पुढे येईलच.

लोफारबद्दल दोन शब्द. दुर्बीण म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे तबकडी येते. लोफारमध्ये तबकडी नाही. नेदरलँड्सच्या ईशान्येला एक्सलो गावाजवळ शेतांच्या मधोमध एक गोल बेट केलं आहे, सुमारे ३०० मीटर रुंद, भोवती पाण्याचा चर. त्यावर काळ्या प्लॅस्टिकनं झाकलेल्या पेट्या, आणि गवतात रोवलेले, तारांनी ताणलेले साधे खांब. पेट्या ११० मेगाहर्ट्झच्या वरचं ऐकतात, खांब ९०च्या खालचं. मधला पट्टा सोडून दिला आहे, कारण तिथे एफएम रेडिओची गाणी चालतात. अशी केंद्रं नेदरलँड्सभर आणि जर्मनी, फ्रान्स, पोलंड, स्वीडन अशा देशांतही आहेत. सगळ्यांचे संकेत संगणकात एकत्र येतात आणि दुर्बीण खरी तिथे तयार होते.

आता अडचणीकडे येऊ.

पुलातलं चुंबकीय क्षेत्र एका मायक्रोगॉसपेक्षा कमी असावं असा अंदाज आहे. हिशेबासाठी अर्धा मायक्रोगॉस धरू. आपल्याकडे होकायंत्राची सुई फिरवणारं पृथ्वीचं क्षेत्र सुमारे ०.४ गॉस आहे, म्हणजे पुलातलं क्षेत्र त्याच्या दहा लाखाव्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्या अशक्त क्षेत्रात १४० मेगाहर्ट्झवर चमकायचं तर इलेक्ट्रॉनची ऊर्जा ४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागते. त्याच्या स्थिर ऊर्जेच्या ही सुमारे ८,००० पट झाली. असा इलेक्ट्रॉन स्वस्थ बसत नाही. तो सतत खर्चत असतो, आणि गंमत अशी की त्याचा बहुतेक खर्च चुंबकीय क्षेत्रावर होतच नाही. सगळीकडे भरलेलं ते जुनं सूक्ष्मलहरींचं प्रारण त्याला आडवं येतं. त्या फोटॉनांना धडकून धडकून तो आपली ऊर्जा त्यांना देत जातो. या दोन खर्चांचं प्रमाण काढता येतं. त्या प्रारणाची ‘ओढ’ ३.७ मायक्रोगॉसच्या क्षेत्राइतकी धरतात, आणि खर्च क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ३.७ भागिले ०.५, त्याचा वर्ग, सुमारे ५५. म्हणजे रेडिओत एक रुपया गेला तर फोटॉनांना धडकण्यात ५५ रुपये जातात. लोफारनं जे पाहिलं ते या जमाखर्चातली एका रुपयाची नोंद.

या दरानं खर्च होत राहिला तर इलेक्ट्रॉन सुमारे २० ते २३ कोटी वर्षांत इतका मंदावतो की १४० मेगाहर्ट्झवर तो दिसेनासा होतो.

इथे माझा एक मास्तर मित्र, जुन्नर तालुक्यातल्या शाळेत विज्ञान शिकवतो, मला अडवून म्हणाला, “अरे, प्रकाशाच्या वेगानं वीस कोटी वर्षं पळाला तर वीस कोटी प्रकाशवर्षं जाईल. तुझा पूल एक कोटीचा. मग अडचण कसली?”

शंका रास्त आहे. पण इलेक्ट्रॉन सरळ पळतच नाही. अर्ध्या मायक्रोगॉसच्या क्षेत्रात ४ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषेभोवती गिरक्या घेतो, आणि त्या गिरकीची त्रिज्या काढली तर ती सूर्य-पृथ्वी अंतराच्या दुपटीहून थोडी कमी येते. मंगळाच्या कक्षेपेक्षा जरा मोठी. एक कोटी प्रकाशवर्षांच्या पुलावर निघालेला हा प्रवासी मंगळाच्या कक्षेएवढ्या वर्तुळात फिरतो आहे. ज्या रेषेला तो बांधलेला आहे ती रेषाही सरळ नाही. वायूच्या हालचालींनी तिचा गुंता झालेला आहे. वायूतल्या बारीक चुंबकीय लाटांवर आपटून तो पुन्हापुन्हा मागे फिरतो. सगळं जमेस धरलं तर आयुष्यभरात तो फार तर ०.१ मेगापार्सेक जाईल. पुलाची रुंदीसुद्धा त्याला ओलांडता यायची नाही.

याचा अर्थ सरळ आहे. पुलावरचे इलेक्ट्रॉन ४०१मधून किंवा ३९९मधून चालत आलेले नाहीत. पुलावरच, जागच्या जागी, सगळीकडे एकाच वेळी कुणीतरी त्यांना पळवलं आहे.

साध्या वायूतले इलेक्ट्रॉन उचलून थेट ४ अब्जांवर नेणं फार महाग पडतं. म्हणून सगळ्यांची नजर जुन्या मालावर आहे. दीर्घिकांच्या केंद्रातली कृष्णविवरं झोत सोडतात, त्यांतून निघालेले इलेक्ट्रॉन आसपास पसरतात, हळूहळू निवतात. पण निवण्याचा वेगही ऊर्जेबरोबर कमी होत जातो. स्थिर ऊर्जेच्या काहीशे पटींवर उतरलेला इलेक्ट्रॉन पुढे काही अब्ज वर्षं तसाच राहू शकतो. लोफारलाही तो दिसत नाही, पण तो असतो. मोठ्या समूहांच्या आसपासचा प्रदेश अशा शिळ्या इलेक्ट्रॉनांनी भरलेला असणार. पुलाची गोष्ट म्हणजे या शिळ्या कढीला आलेला ऊत आहे. ऊत आणला कुणी, एवढंच ठरवायचं.

दोन संशयित आहेत.

पहिला धक्का. दोन समूह एकमेकांकडे ओढले जात आहेत, त्यांच्यात वायू येऊन आदळतो आहे, आणि ध्वनीपेक्षा वेगानं आदळला की आघात तरंग उठतात. असा तरंग इलेक्ट्रॉनवरून गेला की त्याला एकदम ऊर्जा मिळते. गोव्होनींच्या निबंधात याच वाटेचं संगणकी प्रतिरूप होतं: पुलाच्या प्रदेशात मध्यम ताकदीचे अनेक आघात तरंग, त्यांनी आधीच तिथे असलेले इलेक्ट्रॉन पुन्हा पेटवले. जमतं, पण ओढूनताणून. आघात तरंग पापुद्र्यासारखे पातळ असतात. पूल सलग भरलेला दिसायचा तर असे पुष्कळ पापुद्रे आपल्या दृष्टिरेषेत एकामागे एक यायला हवेत, आणि बियाण्याचे इलेक्ट्रॉनही सगळीकडे पेरलेले हवेत.

दुसरा संशयित ढवळणं. वायू नुसता आदळत नाही, घुसळलाही जातो. मोठे भोवरे फुटून लहान होतात, लहान फुटून आणखी लहान. या खळबळीत इलेक्ट्रॉन कधी समोरून येणाऱ्या लाटेवर आपटतो, कधी मागून येणाऱ्या. फायदा-तोटा दोन्ही होतो, पण बेरजेत थोडा फायदा उरतो. १९४९ साली भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मींनी सुचवलेली ही वाट आहे. ती सावकाश चालते, म्हणून तिच्यात दम नाही असं बराच काळ वाटत होतं. २०२० साली जानफ्रांको ब्रुनेत्ती आणि फ्रांको वाझ्झा यांनी दाखवलं की अशा पुलावर खळबळ पुरेशी आहे. ती चुंबकीय क्षेत्रही अर्ध्या मायक्रोगॉसच्या घरात नेऊन ठेवते आणि इलेक्ट्रॉनही तापवते. शिवाय खळबळ जागा भरून टाकते, म्हणून पूल सलग का दिसतो हे वेगळं समजावत बसावं लागत नाही.

कोण खरा, हे चित्र बघून ठरत नाही. ठरतं ते वर्णपटाच्या उतारावरून, म्हणजे वारंवारता वाढवत नेली की उजेड किती झपाट्यानं पडतो त्यावरून. धक्क्यानं पळवलेले इलेक्ट्रॉन साधारणपणे सरळ उताराचा वर्णपट देतात. ढवळण्याचं तसं नाही. ढवळणारा हात सावकाश, आणि जास्त ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनचा खर्च झपाट्याचा, त्यामुळे एका मर्यादेनंतर मिळकत खर्चाला पुरत नाही. तिथून वर्णपट खाली वाकतो. वाक सापडला तर ढवळणं, सरळ उतार राहिला तर धक्का. क्षीण धक्क्यांनाही तीव्र उतार देता येतो, म्हणून एक आकडा पुरायचा नाही. किमान तीन वारंवारता हव्यात.

१४० आणि १४४ हातात होत्या. लायडनच्या गटानं लोफारचे सुमारे ४० तासांचे वेध घेऊन २०२२ साली १४४ मेगाहर्ट्झवर पूल नव्यानं आणि अधिक बारकाईनं दाखवला. यातलं काम कसलं होतं ते सांगितलंच पाहिजे. एवढ्या खालच्या वारंवारतेला डोक्यावरचं आयनावरण स्वस्थ राहू देत नाही. पोहण्याच्या तलावात तळाची फरशी हलताना दिसते ना, तसं आकाश हलतं, आणि प्रत्येक फरशी वेगळी हलते. म्हणून आकाशाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यातला एखादा ठळक रेडिओ स्रोत धरायचा, त्याला स्थिर करणारी दुरुस्ती काढायची, ती त्या तुकड्यापुरती लावायची, आणि शेवटी सगळे तुकडे सांधे न दिसतील असे जोडायचे. सांधा दिसला तर तो मंद उजेडासारखाच दिसतो. या क्षेत्रातल्या माणसांचं अर्धं आयुष्य असल्या सांध्यांवर जातं असं मला वाटतं.

वरच्या बाजूला पहिला प्रयत्न नेदरलँड्समधल्याच वेस्टरबोर्कच्या दुर्बिणीचा, ३४६ मेगाहर्ट्झवर. ही तीच दुर्बीण जिनं १९८९ साली केश संभारातल्या समूहाजवळ समूहाबाहेरचा असा पहिला मंद रेडिओ उजेड दाखवला होता. इथे तिला काही दिसलं नाही. आता ‘दिसलं नाही’ हे दोन प्रकारचं असतं. खरंच नाही म्हणून दिसलं नाही, किंवा दुर्बिणीला दिसण्याजोगं नव्हतं म्हणून दिसलं नाही. दोहोंत फरक करायला एक खासा उपाय आहे, खोटा पूल पेरायचा. संगणकात पुलाच्या आकाराचा, ठरावीक तेजाचा एक बनावट उजेड तयार करायचा. तो तयार चित्रात मिसळायचा नाही, अँटेनांनी गोळा केलेल्या कच्च्या माहितीत मिसळायचा. मग पहिल्यापासून सगळी प्रक्रिया पुन्हा करायची. बनावट पूल चित्रात उमटला? तर खरा त्याच्याहून मंद आहे. तेज कमी करा, पुन्हा पेरा, पुन्हा चित्र काढा. बनावट पूल जिथे दिसायचा बंद होतो ती दुर्बिणीची शीव. वेस्टरबोर्कच्या वेधांवरच्या २०२३च्या निबंधानं अशी शीव काढून सांगितलं की १४० ते ३४६च्या दरम्यान पुलाचा उतार (म्हणजे वारंवारतेच्या कितव्या घातानं तेज पडतं तो आकडा) १.५पेक्षा तीव्र असला पाहिजे.

मग २०२४. जाडा पिन्यातारो आणि सहकाऱ्यांनी लोफारच्या त्या गवतातल्या खांबांनी, १८ तासांच्या वेधांतून, ६० मेगाहर्ट्झवर पूल पकडला. पूर्ण पूल, एका समूहापासून दुसऱ्यापर्यंत. ६० आणि १४४ यांच्यामधला उतार निघाला १.४४, अधिक-उणे ०.१६. याचा अर्थ ६०वर पूल १४४पेक्षा साडेतीन पट तेजस्वी आहे. हाच उतार सरळ पुढे नेला तर १.४ गिगाहर्ट्झवर तो १४४च्या तुलनेत सव्वीसाव्या हिश्श्यावर येतो, आणि वाकला असेल तर त्याहूनही खाली. २०१०च्या चित्रात पूल का नव्हता, याचं उत्तर हे.

तिसरी वारंवारता होती ४०० मेगाहर्ट्झ, आणि ती आली आपल्या खोडदहून.

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावला उजवीकडे वळलं की टोमॅटो-द्राक्षांच्या शेतांतून खोडदचा रस्ता जातो, आणि एका वळणावर जीएमआरटीच्या पांढऱ्या तबकड्या एकदम समोर येतात. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राची ही दुर्बीण. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, जाळीच्या. १४ तबकड्या खोडदला चौरस किलोमीटरभरात दाटीनं, बाकीच्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, एकूण पसारा २५ किलोमीटरचा. अलीकडच्या सुधारणेनंतर तिचा एक पट्टा २५० ते ५०० मेगाहर्ट्झ असा सलग चालतो. पुलाच्या वेधांसाठी तो वापरला गेला.

इथे एक गोष्ट उलटी वाटेल. अशा कामात २५ किलोमीटरचा पसारा फारसा उपयोगाचा नाही. दूरदूरच्या तबकड्यांच्या जोड्या बारीक तपशील पाहतात. अर्ध्या अंशावर पसरलेला गुळगुळीत उजेड त्यांना दिसतच नाही. तो पाहतात त्या अगदी शेजारच्या जोड्या. खोडदच्या चौरसातलं सर्वांत कमी अंतर १०० मीटरच्या आसपास आहे. ४०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी पाऊण मीटर. पाऊण भागिले १००, म्हणजे पाऊण टक्का रेडियन, सुमारे २६ कला (६० कलांचा एक अंश). पूल टोकापासून टोकापर्यंत ३५ कलांच्या आसपास, पण दोन्ही तेजोवलयं सोडून मधला भाग त्याहून लहान. म्हणजे जमण्यासारखं, पण काठावरचं काम. लांबच्या जोड्यांनी मधल्या दीर्घिकांचे बारीक ठिपके ओळखून वजा करायचे, आणि जवळच्या जोड्यांनी उरलेला उजेड शोधायचा.

खोडदला पूल दिसला नाही. ६० ते १४४चा सरळ उतार पुढे नेला असता तर ४००वर १४४च्या चौथ्या हिश्श्याहून थोडं कमी तेज उरायला हवं होतं. मिळालेली वरची मर्यादा त्याहून खाली होती. १४४ आणि ४००च्या मधे कुठेतरी वर्णपट स्पष्टपणे खाली वाकतो आहे. त्याआधी चार वर्षं, २०२० साली, ब्रुनेत्ती-वाझ्झा यांनी ढवळण्याकडून हीच अपेक्षा केली होती. माझ्या मते धक्क्यांची बाजू इथे पडली, निदान एकट्या धक्क्यांची. पुलात धक्के नसतील असं नाही, ते असणारच. पण कढी उतास आणली ती घुसळण्यानं.

मास्तर मित्राला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे आमच्या खोडदला काही दिसलं नाही, हीच बातमी?” हो, तीच. मात्र हे ‘नाही’ म्हणण्याआधी किती मेहनत पडते ते बातमीत येत नाही.

आता ‘आडवं’ या शब्दाकडे. ३ मेगापार्सेक हे आपल्या दृष्टिरेषेला आडवं माप आहे. पूल आपल्याकडे तोंड करून किती तिरपा आहे हे त्यात येत नाही. २०२२ साली चिलीतल्या अटाकामा दुर्बिणीच्या आणि अमेरिकेतल्या ग्रीन बँकच्या वेधांवरून एका गटानं हिशेब मांडला की दोन समूहांमधलं खरं अंतर १२ मेगापार्सेकच्या आसपास असावं, अधिक-उणे ४. पूल बहुतेक आपल्याच दिशेनं लांबलेला आहे आणि आपण तो जवळजवळ टोकाकडून पाहतो आहोत. तसं असेल तर मधल्या वायूची घनताही प्लांकच्या आकड्याच्या चौथ्या हिश्श्यावर येते. वायू तेवढाच, पण खोलवर पसरलेला. ‘सायन्स’च्या निबंधानं शीर्षकातच याला वैश्विक जाळ्याचा, म्हणजे विश्वभर पसरलेल्या दीर्घिका आणि वायूच्या जाळ्याचा, तंतू म्हटलं होतं, ८ कोटी केल्विन तापमान पाहून काहींना ते पटत नव्हतं, कारण तंतू इतका गरम नसतो, हे दोन समूहांचे कडेचे भाग एकमेकांत मिसळताहेत असं त्यांचं म्हणणं. बारा मेगापार्सेक खरे ठरले तर तंतूवाल्यांची बाजू बळकट होते.

अशा नामकरणात घाई करू नये याचा धडाही पुण्यातच आहे. २००२ साली आयुकातले जयदीप बागची आणि सहकाऱ्यांनी झेडडब्ल्यूसीएल २३४१ या दीर्घिकांच्या लांबट मालिकेत मोठा मंद रेडिओ उजेड दाखवला आणि तो दीर्घिकांच्या तंतूतला असल्याचं मांडलं. त्या काळी ती धाडसी गोष्ट होती. २००९ साली जीएमआरटीनं तीच जागा १५७, २४१ आणि ६१० मेगाहर्ट्झवर पाहिली, आणि उजेडाचे दोन भाग पडले: दोन कमानी, समोरासमोर. दोन समूहांच्या टकरीतून बाहेर फेकल्या गेलेल्या आघात तरंगांची ती ओळखीची खूण आहे. तंतू म्हणून पाहिलेलं, टक्कर म्हणून उरलं. बागचींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आघात तरंग आणि चुंबकीय क्षेत्र दोन्ही तिथे खरोखर होती. फक्त जागा वेगळी निघाली.

३९९-४०१च्या पुलाला तसा धोका कमी आहे, कारण सोबती मिळाले आहेत. एबेल १७५८ या समूहाच्या दोन भागांमधे २०२० साली लोफारलाच २ मेगापार्सेकचा दुसरा पूल सापडला. मात्र पुलापलीकडे, समूहांपासून खरोखर लांबच्या विरळ तंतूंमधे काय आहे, हे अजून भांडणाचं आहे. २०२१ साली टेसा व्हर्नस्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी दीर्घिकांच्या लाखो जोड्यांमधल्या जागांची चित्रं एकावर एक रचून त्यांतून एक सरासरी मंद उजेड काढला आणि ३० ते ६० नॅनोगॉसचं क्षेत्र सांगितलं, म्हणजे पुलाच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटानं तोच प्रयोग नव्या, अधिक संवेदनशील वेधांवर केला, तेव्हा तो उजेड सापडला नाही.

आणि पुलातलं चुंबकीय क्षेत्र? अर्धा मायक्रोगॉस हे प्रतिरूपातून आलेलं माप आहे, मोजलेलं नाही. रेडिओचं तेज सांगतं फक्त इलेक्ट्रॉनांची संख्या आणि क्षेत्र यांचा एकत्र परिणाम. क्षेत्र निम्मं करून इलेक्ट्रॉन वाढवले तरी तेज तेच राहतं. पुलाची लांबी चौपट धरली की तोच उजेड चौपट जागेत वाटला जातो, आणि हिशेब पुन्हा बदलतो.

या कोंडीतून सुटायची वाट त्या ५५ रुपयांत आहे. इलेक्ट्रॉननं ज्या सूक्ष्मलहरींना धडक दिली, त्यांचे फोटॉन ऊर्जा घेऊन क्ष-किरण होतात. ८,००० पटीच्या इलेक्ट्रॉनसाठी ते सुमारे ५० हजार इलेक्ट्रॉन-व्होल्टवर येतात. पुलाच्या गरम वायूचे स्वतःचे क्ष-किरण तिथवर बरेच विरळ झालेले असतात. तेच इलेक्ट्रॉन, एका हातानं रेडिओ देतात, दुसऱ्या हातानं हे कठोर क्ष-किरण. दोन्ही मोजले आणि भागाकार केला की इलेक्ट्रॉनांची संख्या कटते, पुलाची लांबीही कटते, आणि उरतं ते फक्त क्षेत्र.